गाडीच्या नऊ खोडी

दादांना गाडी चालवता येते, घेता येत नाही, हे आईने ट्रक दारात यायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. ती हे दादांना सांगत नव्हती. चुलीला सांगायची, काटवटीला सांगायची, अंगणातल्या कोंबड्यांना सांगायची, आणि माझे वडील, म्हणजे दादा, शेजारी बसून ऐकायचे. आमच्या घरात एकमेकांशी बोलायची रीतच ती होती. मी तर तेवढंही बोलत नसे. चौथी झाली, शाळा सुटली, आणि बोलायचं कारणच उरलं नाही. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जायची आणि ते जाईपर्यंत धान्याच्या कणगीमागे बसून राहायची. आता माझी सून म्हणते, सासूबाई, तुम्ही तेव्हाचं सगळं एवढं बारीक कसं लक्षात ठेवलंत. जो बोलत नाही त्याला दुसरं काम काय असतं?

आमचं घर येडगावला, धरणाच्या अंगाला. पाण्यावरून वारा आला की छपराचे पत्रे वाजायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज दुप्पट मोठा व्हायचा. दादा आळेफाट्याच्या एका शेठच्या ट्रकवर वीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यांच्या कामाला कुणी नावं ठेवावीत असं नव्हतं. पण शेठच्या गाडीत समोरच्या काचेवर कुणाची तसबीर लावायची ते शेठ ठरवायचे. दादांनी एकदा छोटीशी बुद्धाची तसबीर लावली होती, ती दुसऱ्या दिवशी कुणीतरी काढून सीटखाली ठेवली. दादांनी तसबीर घरी आणून, काच पुसून भिंतीवर लावली, आणि तेव्हापासून आईने चुलीला सांगायला सुरुवात केली की ह्यांच्या डोक्यात आता स्वतःची गाडी शिरली.

गाडी कशी घेतली, कुठून जमवलं, ते मला कधी कळलं नाही. आठवतं ते गाडी बघायला गेलो तेव्हाचं. आळेफाट्याला गॅरेजांच्या रांगेमागे एका मोकळ्या जागेत ती सहा टायरी गाडी उभी होती. रंग कुठला म्हणावा तेच कळत नव्हतं, हिरव्याखालून निळा डोकावत होता. दादांनी इंजिन चालू करायला लावलं, बॉनेटला कान लावला आणि डोळे मिटले. किती वेळ तसेच उभे. आई माझ्या कानाशी म्हणाली, "बघ, बाप तुझा गाणं ऐकतोय." मग दादांनी डोळे उघडले आणि म्हणाले, इंजिन खणखणीत आहे. झालं. ना खाली वाकून बघितलं, ना माल भरून चालवून बघितली, ना कुणाला काही विचारलं. एवढी वर्षं ज्याने दुसऱ्याची गाडी जिवापलीकडे सांभाळली, त्याने स्वतःची गाडी फक्त कानाने घेतली. मला आजही हे लिहिताना चीड येते.

आळेफाट्याच्या ट्रकवाल्यांत तेव्हा एक रीत होती. जुनी गाडी विकली की तिचा जुना ड्रायव्हर आठ दिवस नव्या मालकाकडे राहायचा. त्याने जेवायचं, खायचं, सोबत फिरायचं आणि गाडीच्या खोडी सांगायच्या. बैल विकताना कासरा हातात देण्याआधी विकणारा सांगतो ना, की हा पाण्याला बुजतो, हा डावीकडे शिंग मारतो, तसंच. ज्या गाडीला खोड नाही ती जुनी गाडीच नव्हे असं ती माणसं म्हणत. आमच्या गाडीबरोबर आले ते गेनूभाऊ. साठीचे, बारीक अंगाचे, बगलेत वळकटी. गाडी अंगणाबाहेर लावून दादा गावात पेढे वाटायला गेले आणि गेनूभाऊ चिंचेखाली दगडावर बसले. आई त्यांच्यासाठी धरणातल्या मरळ माशाचं कालवण करत होती, म्हणून चहा घेऊन मला जावं लागलं.

मी कप ठेवून पळणारच होते. पण गेनूभाऊ माझ्याकडे बघतच नव्हते, गाडीकडे बघत होते. गाडीकडे बघतच बोलायला लागले. "हिला सोडून चाललो बाय. नऊ खोडी हायेत हिच्यात. घरातल्या एकाला तरी म्हाईत पायजेत." आणि बोटं दुमडत एकेक सांगायला लागले. एक, पहाटे डिझेलच्या पायपात हवा धरती, आधी हातपंप वीस वेळा मारायचा, मगच सेल्फ मारायचा. दोन, सेल्फ अडकला तर टॉमीने, म्हणजे चाक खोलायच्या दांड्याने, हळूच ठोकायचा, जोरात नाही. तीन, डावं दार आतून उघडत नाही. चार, उजवीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजतो, लोक शिव्या देतील, देऊ द्यावं. पाच, डिझेलचा काटा खोटा आहे, तो अर्ध्यावर आला की टाकी रिकामी समजायची, काठी घालून बघायचं. सहा, पावसात वायपर थांबतो, काचेला तंबाखू चोळायची. सात, चढाला पाणी फार पिते. आठ, मागची डावी जोडचाकं मधे दगड धरतात, उतरून काढायचा, नाहीतर टायर फुटेल. नववी सांगताना मात्र ते माझ्याकडे वळले. "आनि नववी इसरू नको. माल भरलेला असला आनि उतार असला, की तिसरा गिअर सुटतो. हातात काय बी राहत नाय. घाटात तिसरा टाकायचाच नाय, वरूनच दुसऱ्यात उतरवायची. म्हन बरं."

मी म्हणाले. चौथीत पाढे म्हणायची तसे नऊच्या नऊ म्हणून दाखवले. परक्या माणसासमोर मी इतके शब्द एका दमात पहिल्यांदाच बोलले असेन. गेनूभाऊ खूश झाले आणि चहा प्यायले.

दादा परत आले, दोघे जेवायला बसले. बाजरीच्या भाकरी, कालवण, वर सुकटीची चटणी. गेनूभाऊंनी आईच्या कालवणाचं कौतुक केलं, आणि मग सहज म्हणाले की मालक, आता आठ दिस मी हायेच, सगळं दाखवतो. एवढ्यावर दादांचा हात भाकरीवर थांबला. मला वाटतं 'मालक' हा शब्द त्यांना आवडला आणि 'दाखवतो' हा नाही आवडला. म्हणाले, "भाऊ, मी वीस वरसं गाडी चालवतोय. गाडी मला शिकवायची नाय." गेनूभाऊ म्हणाले शिकवायचं नसतं, सांगायचं असतं, रीत आहे. दादा म्हणाले रीत नवशिक्यांसाठी. मग गेनूभाऊंनी ताट धुतलं, वळकटी उचलली आणि संध्याकाळच्या एसटीने गेले. आई पाट उचलताना पाटाला म्हणाली, जेवत्या माणसाला उठवलं. त्यावर दादांनी जाहीर केलं की त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही. म्हणजे माझ्या तोंडाला आतून कडीच लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी अंघोळ करून नवा सदरा घातला. समोरच्या काचेवर, बरोबर मधोमध, ती तसबीर लावली. आम्ही सगळ्यांनी गाडीसमोर उभं राहून त्रिशरण म्हटलं. दादा चढले आणि सेल्फ मारला. गाडी नुसती खोकली. परत मारला, परत खोकली. अर्ध्या तासात बॅटरी उतरली. मग आळीतली सगळी माणसं आली आणि धक्का मारून गाडी चालू केली. मी दारात उभी राहून मनात म्हणत होते, वीस वेळा पंप, वीस वेळा पंप. हे रोज सकाळी चाललं. रोज धक्का, रोज आळीतली माणसं, रोज त्यांना चहा. दादांनी बॅटरी बदलली. गाडी खोकली. सेल्फ खोलून बसवला. गाडी खोकली. शेजारचे एकजण तर विचारायला लागले, "काय राव, आज ढकलायची का चहाच प्यायचा?"

एकेक खोड क्रमाने येत गेली, जसं पाहुण्यांना वेळ देऊन बोलावलं होतं. दादा डाव्या दाराने उतरायला गेले आणि आतच कोंडले, आईने जाऊन बाहेरून उघडलं. उजवीकडे वळताना हॉर्न वाजला आणि एका सोयऱ्याच्या मयतीला चाललेली माणसं रस्त्यात थांबून बघायला लागली. खत घेऊन जाताना टाकीचा काटा अर्ध्याच्या किंचित खाली असताना गाडी आळेफाट्याच्या चौकात, बरोबर शेठच्या ऑफिससमोर, बंद पडली. तिथेच. दुसरीकडे कुठे नाही. दादा घरी आले तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आणि मला सगळं माहीत होतं! मी भाकऱ्या थापत होते आणि मला सगळं माहीत होतं. कितीदा ओठांपर्यंत आलं. पण सांगायचं म्हणजे गेनूभाऊंचं नाव काढायचं, परक्या पुरुषाशी बसून बोलले ते कबूल करायचं, आणि दादांना गाडीतलं सांगायचं. यातलं एकही माझ्याने होण्यासारखं नव्हतं. आज माझ्या नाती मोबाईलवर कुणालाही काहीही सांगतात. त्यांना हे कळणार नाही, आणि कळावं असंही मला वाटत नाही. पण त्या वयातल्या माझ्या स्वतःवर मी अजून वैतागते. एक वाक्य. नऊ सुद्धा नाही, एक.

चौकातल्या प्रकारानंतर शेठचा माणूस घरी आला. शेठनी निरोप दिला होता की सीट मोकळी आहे, पुनवेपर्यंत ठेवतो, नंतर दुसरा बघतो. आईने त्याला पाणी दिलं आणि तो गेल्यावर तांब्याला म्हणाली, जावा म्हणावं. दादा म्हणाले की नारायणगावहून टोमॅटो भरायचे आहेत, माळशेज उतरून कल्याणला. पहिला खरा लांबचा माल. ही खेप नीट झाली तर गाडी राहील. नाही झाली तर गाडी भंगारात घालतो आणि शेठच्या सीटवर जाऊन बसतो. हे त्यांनी आईला नाही, मला नाही, भिंतीला सांगितलं. आमच्या घराची रीत त्यांनाही लागली होती. भिंतीवर तसबिरीच्या जागेचा चौकोनी डाग होता, तिकडे बघून सांगितलं. पुन्हा तिथे लावावी लागेल की काय, हा प्रश्न त्यांना पडला होता, आणि मला घाटाचा.

त्या रात्री मी डोळे मिटले की तिसरा गिअर दिसायचा. मला गिअर म्हणजे काय तेही नीट माहीत नव्हतं. गेनूभाऊंनी हवेत हात पुढे करून मोकळा सोडून दाखवला होता, तो हात दिसायचा.

दुपारी गाडी माल भरून घरासमोर आली. दादा भाकरी घ्यायला थांबले होते. टोमॅटोच्या क्रेटांवर ताडपत्री बांधलेली, गाडी जडशीळ झालेली, मागे दोन हमाल ओतूरपर्यंत निघालेले. इंजिन चालूच होतं, कारण बंद केलं तर परत चालू होईल याचा भरवसा नव्हता. आईने माझ्या हातात फडकं दिलं. भाकरी, पिठलं, कांदा. मी उजव्या बाजूने फूटबोर्डवर चढून खिडकीतून ते दादांना दिलं. दादा म्हणाले, उतर. मी उतरले नाही. दाराची दांडी धरून उभी राहिले. दादा परत म्हणाले, "सुजे, उतर खाली, उशीर व्हतोय." मला रडू यायला लागलं. दादांचा आवाज चढला. आई धावत आली. हमाल वाकून बघायला लागले. मग माझ्या तोंडातून निघालं ते असं निघालं:

"घाटात तिसरा टाकू नका. सुटतो."

दादा म्हणाले, "कुनी सांगितलं?"

"गेनूभाऊंनी."

ते नाव त्या घराच्या हद्दीत निघालं होतं. मला वाटलं आता थोबाडीत बसेल. दादा म्हणाले, "अजून काय सांगितलं त्यानं?"

मग मी सुरुवातीपासून म्हणायला लागले. मधूनच म्हणता येत नव्हतं, पाढ्यासारखं एकपासूनच म्हणावं लागत होतं. एक, पहाटे पायपात हवा धरते. दोन, सेल्फ हळू ठोका. इंजिनाच्या आवाजावरून ऐकू जावं म्हणून ओरडून म्हणत होते, डोळ्यांतून पाणी चाललेलं. मागचा एक हमाल म्हणाला, "पोरगी मेस्तरी निघाली राव," आणि दुसरा हसला. पाचवीला दादांनी तोंड फिरवलं, चौक आठवला असणार. नववी झाली. दादांनी विचारलं, "म्हंजे पयल्या दिवसापासून तुला म्हाईत व्हतं?" मी मान डोलावली. "मंग सांगितलं का न्हाई?"

"इचारलं न्हाई कुनी."

आई मागून म्हणाली, आता खरंच उतर. ती हे थेट मला म्हणाली, चुलीला नाही. मी उतरले. दादांनी गाडी गिअरमध्ये टाकली आणि उजवीकडे वळताना हॉर्न वाजवत, म्हणजे तो आपोआप वाजत, ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तोच हॉर्न लांबून ऐकू आला. आई हातातलं सूप टाकून उठली. गाडी आली. दादा उतरले, हातपाय धुतले, जेवायला बसले. घाटात काय झालं, तिसरा सुटला का, त्यांनी माझं ऐकलं का, एक शब्द नाही. मी वाट बघून थकले. भाकरी मोडता मोडता ते आईला म्हणाले, "तिला इचार, वायपरचं काय म्हनला व्हता तो." मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते. आईने मला विचारलं, मी आईला सांगितलं, आईने दादांना सांगितलं. इतका राग आला होता मला! जेवणं झाल्यावर मी गाडीत चढून बघितलं. गिअरच्या दांड्याला, तो सुटू नये म्हणून, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून सीटच्या लोखंडाला गाठ मारलेली होती. तसबीर जागेवर होती. पुनव आली आणि गेली, शेठच्या सीटवर दुसरा कुणी बसला.

त्यानंतर गाडी आमच्याकडे पुष्कळ वर्षं राहिली. खोडी गेल्या नाहीत, आम्हीच तिच्यासारखे झालो. दादा पहाटे पंप मारायचे तेव्हा मी अंथरुणात मोजायची. वीस झाले की कूस बदलायची. मला मात्र त्यांनी कधी शाब्बास म्हटलं नाही, आणि गेनूभाऊंना बोलावूया असंही म्हटलं नाही. ते कुठे गेले, काय झालं, शेवटपर्यंत कळलं नाही. आई कधीकधी तव्याला म्हणायची, त्या माणसाला निदान एकदा जेवायला बोलवायचं होतं. तवा काय करणार?

गाडी विकली तेव्हा दादांचे गुडघे गेले होते आणि मी बाळंतपणाला माहेरी आले होते. निरगुडसरचा एक गडी होता, तिशीतला, दहा वर्षं दुसऱ्याची गाडी चालवून आता स्वतःची घ्यायला निघालेला. बरोबर बायको आली होती, गाडीला हळदकुंकू वाहायला. त्याने इंजिन चालू करायला लावलं आणि बॉनेटला कान लावला. मी आणि आईने एकमेकींकडे बघितलं.

व्यवहार ठरला. आणि दादा आतून पिशवी घेऊन बाहेर आले. पिशवीत धोतर, टॉवेल, गोळ्या. म्हणाले, "चला पावणं. आठ दिस येतो मी. खोडी सांगायच्या असत्यात." आम्हाला कुणाला त्यांनी हे आधी सांगितलं नव्हतं. तो गडी हसला. वाईट नव्हता तो, हसणंही वाईट नव्हतं. म्हणाला, "बाबा, तुमी कशाला तरास घेता. दहा वरसं झाली मला गाडीवर. मला काय गाडी वळखता येत न्हाई?" दादा पिशवी धरून तसेच अंगणात उभे राहिले. त्यांचंच वाक्य होतं ते. थोड्या वेळाने पिशवी खाली ठेवून चिंचेखालच्या दगडावर बसले. मला त्यांची कीव आली, आणि कीव येते म्हणून रागही आला.

मी आत गेले. कॅलेंडरचं एक जुनं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला नऊच्या नऊ खोडी लिहून काढल्या. शाळा सुटल्यावर मी लिहिलेलं ते पहिलं. त्याची बायको चुलीपाशी बसली होती, डोक्यावरचा पदर भुवयांपर्यंत, विचारलं तेवढंच बोलणारी. तिला विचारलं, वाचता येतं का? तिने मान डोलावली. मी घडी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "मालकाला आज दाखवू नका, त्यो वाचायचा न्हाई. गाडी बंद पडली की दाखवा. नववी मात्र आजच सांगा, रडून सांगा." तिने घडी कमरेला खोचली. गाडी वळताना हॉर्न वाजला आणि तो गडी दचकला, एवढं मी बघितलं.

महिनाभराने निरगुडसरकडचा एक भाजीवाला निरोप घेऊन दारात आला. म्हणाला, गाडीवाल्याच्या बाईने विचारलंय, ताईंनी दिलेल्या कागदावर डिझेल सांडलं, बाकीच्या आठ नीट वाचता येतात, पाचवी पुसली गेली, ती काय होती? गाडी नदीच्या पुलावर बंद पडून उभी आहे आणि आज ती खोड नवऱ्याला सांगायचीय. मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. बोटांवर मोजायला लागले, कारण मला अजूनही एकपासूनच म्हणावं लागतं. एक पंप, दोन सेल्फ, तीन दार.

दादा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले असतील असं मला वाटलं होतं. तसेच, वळून न बघता म्हणाले, "पाचवी म्हंजी काटा. टाकीत काठी घाला म्हनावं."

फूटबोर्डवर उभं राहून मी त्या नऊ खोडी दादांसमोर क्रमाने एकदाच म्हटल्या होत्या.